पोप ग्रेगरींचे दहा दिवस आणि शिवजन्माचा शुक्रवार

माझी भाची नववीत आहे. शाळेत शिवजयंतीचं भाषण होतं म्हणून तिने घरातलं जेधे शकावलीचं, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या सालवार नोंदींचं, पुस्तक काढलं. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरीवर जन्म, एवढी नोंद तिने वहीत उतरवून घेतली. मग सहज म्हणून मोबाइलवर वार शोधायचं एक ॲप उघडलं आणि त्यात १९ फेब्रुवारी १६३० टाकलं. उत्तर आलं, मंगळवार. तिने दोनदा टाकून पाहिलं. दोन्ही वेळा मंगळवार.

"मामा, शकावली चुकली की ॲप?"

दोन्ही चुकले नव्हते. मधल्या तीन दिवसांचं कोडं सोडवायचं तर आधी रोमला जावं लागतं, तेही शिवजन्माच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी, एका पोपच्या दरबारात. मी तिला सांगत गेलो ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ तिच्या एकटीचा नाही. मराठ्यांच्या इतिहासातल्या तारखा वाचणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे अडखळतो.

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेचा एक चौकोन नीट पाहा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिथी, नक्षत्र, कुठे चंद्रकोर, कुठे मुस्लिम महिन्याचा दिवस, कुठे राष्ट्रीय सौर दिनांक. आणि मधोमध भला मोठा आकडा. आपण 'तारीख' म्हणतो तो हा आकडा. शाळेचा दाखला, बँकेचा हप्ता, एसटीचं आरक्षण, सगळं त्यावर चालतं. त्या आकड्याला 'इंग्रजी तारीख' म्हणायची आपल्याला सवय आहे, पण ती इंग्रजांची नाही. ती पद्धत रोममध्ये ठरली, तेरावे ग्रेगरी या पोपच्या नावाने ओळखली जाते, आणि इंग्रजांनी ती तब्बल १७० वर्षं नाकारली होती. ग्रेगोरियन कॅलेंडर ते हेच.

ग्रेगरी नावाचे पोप बरेच झाले. चर्चमधल्या प्राचीन गायनाला ग्रेगोरियन गायन म्हणतात, ते पहिल्या ग्रेगरींच्या नावावर आहे, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीचे. त्या चाली त्यांनी स्वतः बांधल्या ही पुढे जोडलेली आख्यायिका. कॅलेंडरवाले ग्रेगरी त्यांच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी आले. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी घडली: काम अनेकांचं, नाव धर्मपीठावर बसलेल्या माणसाचं.

आता मूळ दुखणं. पृथ्वीला सूर्याभोवती ऋतूंचं एक पूर्ण चक्र करायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. दिवस पूर्णच मोजावे लागतात, त्यामुळे वरच्या पावणेसहा-सहा तासांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक कालगणनेपुढे असतो. जुलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४६ मध्ये अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसच्या सल्ल्याने सोपा उपाय केला. वरचे तास सहा धरा, चार वर्षांत चोवीस तास होतात, दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा. हे ज्युलियन कॅलेंडर. लक्षात ठेवायला सोपं, आणि सामान्य माणसाच्या एका आयुष्यात त्यातली चूक दिसतही नाही.

पण सहा तास धरताना दरवर्षी साधारण सव्वाअकरा मिनिटं जास्त धरली गेली. भिंतीवरचं घड्याळ रोज काही सेकंद मागे पडत असेल तर आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, दिवाळीला मात्र पाहुण्यांची गाडी चुकते. इथेही तसंच झालं. सव्वाअकरा मिनिटं साठत साठत सुमारे १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. वसंतातला तो दिवस, जेव्हा दिवस आणि रात्र सारखी असतात, तो कॅलेंडरवर हळूहळू आधी आधी यायला लागला. चौथ्या शतकात तो २१ मार्चला धरलेला होता. सोळाव्या शतकात ११ मार्चच्या आसपास येत होता.

शेतकऱ्याला याचा फार त्रास नव्हता, तो आभाळाकडे पाहून पेरतो. त्रास होता चर्चला, आणि तो ईस्टरमुळे. येशूच्या पुनरुत्थानाचा हा सण ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा, आणि तो ठरावीक तारखेला येत नाही. इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे धर्मपरिषद भरली. तिच्यानंतर रुळलेला नियम असा: वसंतातल्या समरात्रदिनी, म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा पाहायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली होळी, आपला पाडवा, आपली आषाढी एकादशी, सगळं चंद्र आणि सूर्य यांची मोट बांधूनच ठरतं. बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस, सौर वर्ष त्याहून अकरा दिवसांनी मोठं, म्हणून आपण अधिक महिना घालतो. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात, म्हणजे एकूण २३५ चांद्रमास, आणि चंद्र-सूर्य जवळजवळ पुन्हा त्याच जागी येतात. चर्चचे गणिती ईस्टरसाठी हेच एकोणीस वर्षांचं चक्र वापरत होते. एकाच आकाशाकडे पाहून पैठणच्या ज्योतिषाला आणि रोमच्या पाद्रीला तोच आकडा सापडावा यात खरं तर नवल नाही, पण मला मात्र ते फार मोलाचं वाटतं.

अडचण अशी, की चर्चच्या तक्त्यात सूर्यही चुकला होता आणि चंद्रही. सूर्य दहा दिवसांनी. चंद्राच्या एकोणीस वर्षांच्या चक्रात तासा-दीड तासाची जी फट राहते ती साचून पौर्णिमा सुमारे चार दिवसांनी. म्हणजे छापील तक्त्यात पौर्णिमा लिहिलेली आणि आभाळात चंद्र केव्हाचा उतरणीला लागलेला. खेड्यातल्या गुराख्यालाही दिसावी अशी चूक. रॉजर बेकन या इंग्रज संन्याशाने तेराव्या शतकातच पोपना यावर खरमरीत लिहिलं होतं. तरी तीनशे वर्षं काही हललं नाही.

ते हललं १५७२ नंतर. बोलोन्याचे उगो बोन्कॉम्पान्यी त्या वर्षी पोप झाले आणि त्यांनी ग्रेगरी हे नाव घेतलं. मूळचे कायद्याचे प्राध्यापक, वय सत्तरीचं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचा विरोध त्याशिवाय कळत नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी हजारो प्रोटेस्टंटांची, म्हणजे पोपची सत्ता न मानणाऱ्या ख्रिस्त्यांची, कत्तल झाली, आणि या पोपनी रोममध्ये आभारप्रार्थना करवून स्मारक पदक पाडलं. कॅलेंडर सुधारणारे आणि त्या पदकाला मान्यता देणारे हात एकाच माणसाचे होते. प्रोटेस्टंट देश पुढे कॅलेंडरकडे संशयाने पाहू लागले त्याचं मूळ निव्वळ हटवादीपणात नव्हतं.

गणित पोपनी केलं नाही. ते केलं दक्षिण इटलीतल्या चिरो गावच्या अलॉयसियस लिलियस या वैद्याने. तो १५७६ मध्ये वारला, सुधारणा झालेली त्याने पाहिली नाही. त्याचा भाऊ हस्तलिखित घेऊन रोमला गेला, तिथल्या समितीने त्याचा संक्षेप छापून राजेरजवाड्यांना आणि विद्यापीठांना पाठवला. समितीत जर्मनीचा, जेझुइट पंथाचा गणिती ख्रिस्तोफर क्लॅव्हियस होता, पुढे टीकाकारांना उत्तरं देण्यात त्याची वर्षं गेली. चंद्रावरच्या एका मोठ्या विवराला त्याचं नाव आहे. डोमिनिकन पंथाचा इग्नात्सियो दान्ती होता. आणि सीरियन ख्रिस्ती परंपरेचा एक धर्मप्रमुख, अँटिऑकचा पॅट्रिआर्क इग्नेशियस नेमेत अल्लाह, हाही होता. लिलियसच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. संगणकाच्या जगात १५ ऑक्टोबर १५८२ पासून दिवस मोजायची एक पद्धत आहे, तिला 'लिलियन' म्हणतात, ती त्याची एक आठवण. माझ्या मते या कॅलेंडरवर त्याचा हक्क पोपपेक्षा जास्त आहे.

दान्तीची खोली अजून आहे. व्हॅटिकनमध्ये 'वाऱ्यांचा मनोरा' नावाची इमारत आहे. तिच्या एका दालनाच्या भिंतीवर वाऱ्यांची चित्रं आहेत आणि दक्षिण वाऱ्याच्या चित्रात, त्याच्या तोंडाच्या जागी एक बारीक भोक ठेवलं आहे. त्यातून उन्हाचा कवडसा आत येतो आणि दुपारी फरशीत बसवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर पडतो. वर्षभर तो कवडसा त्या रेषेवर पुढे-मागे सरकतो. समरात्रदिनाला तो कुठे पडायला हवा ते गणिताने ठरलेलं, पण २१ मार्चला तो तिथे नसायचा, दहा दिवस पुढे निघून गेलेला असायचा. पोपना हे फरशीवर दाखवलं गेलं असं सांगतात. आपल्याकडे जुन्या घरात कौलातल्या फटीतून येणारा कवडसा भिंतीवर कुठे आला यावरून आजी चहाचं आधण ठेवायची. तत्त्व तेच, फक्त त्या फरशीवर सगळ्या युरोपचा हिशेब मांडलेला होता.

लिलियसचा तोडगा दोन भागांत होता. पहिला भाग गळती थांबवण्याचा. वर्षामागे वरचे ०.२४२२ दिवस, तर चारशे वर्षांत ९६.८८ दिवस वाढवायला हवेत. सीझरच्या नियमाने वाढतात १००. म्हणजे चारशे वर्षांत तीन दिवस काढले की ९७ उरतात आणि हिशेब जवळपास बसतो. कुठले तीन काढायचे? लोकांच्या लक्षात राहतील असे. शतकाचं वर्ष लीप धरायचं नाही, पण ४०० ने भाग जात असेल तर धरायचं. म्हणून १६०० लीप होतं, १७००, १८००, १९०० नव्हती, २००० होतं, २१०० नसेल.

मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांचे झाले तेव्हा १९०० साल होतं, आणि त्या सालात २९ फेब्रुवारीच नव्हता. त्यांच्या जन्मतारखेचा पहिला वाढदिवस आठव्या वर्षी, १९०४ मध्ये आला. इटलीतल्या एका वैद्याचं गणित गुजरातेतल्या एका गावातल्या मुलाच्या वाढदिवसापर्यंत असं पोचतं.

या नियमाने वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचं होतं. खऱ्या वर्षाहून फरक साधारण २६ सेकंदांचा, एक दिवस चुकायला तीन हजारांहून अधिक वर्षं. आणि चारशे वर्षांचे एकूण दिवस होतात १,४६,०९७, त्यांना सातने बरोबर भाग जातो. म्हणून दर चारशे वर्षांनी वार-तारखांची जोडी जशीच्या तशी परत येते.

दुसरा भाग जास्त धाडसाचा होता. साचलेली चूक एकदम पुसायची. चूक ३२५ सालापासून मोजली, सीझरपासून नाही, कारण चर्चला नायसियाच्या काळचं आकाश परत हवं होतं. १२५७ वर्षं, १२८ वर्षांमागे एक दिवस, म्हणजे दहा. पोपनी २४ फेब्रुवारी १५८२ ला फर्मान काढलं: यंदा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीच्या बऱ्याच भागाने तसंच केलं. स्पेनच्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या, ४ आणि १५ च्या मधल्या एका रात्रीत.

दहा तारखा गेल्या, दिवस एकही गेला नाही. पंचांगात क्षयतिथी येते तेव्हा आपण कुठे म्हणतो की आयुष्यातला दिवस गेला? आणि इथेच भाचीच्या कोड्याची किल्ली आहे. ४ ऑक्टोबरला गुरुवार होता, १५ ऑक्टोबरला शुक्रवार. फर्मानाने तारखा उडवल्या, वारांची साखळी तोडली नाही. तारीख हे दिवसाला लावलेलं लेबल आहे, ते बदलता येतं. वार मात्र रोममध्ये, पुण्यात, कैरोत एकच राहिला. म्हणून जुन्या नोंदीत वार दिलेला असेल तर तो सोन्यासारखा जपावा. तारखेचा ताळा त्यावरच करता येतो.

फर्मान पोपचं, त्यामुळे कॅथलिक देशांनी ऐकलं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवली. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० पर्यंत थांबवलं. इंग्लंडने १७५१ मध्ये कायदा केला आणि १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेच्या बुधवारनंतर १४ तारखेचा गुरुवार आणला. तोवर १७०० चं लीप वर्षही आडवं आल्यामुळे फरक अकरा दिवसांचा झाला होता. "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणून तिथे दंगली झाल्या ही गोष्ट फार सांगितली जाते, पण ती बहुतांशी एका व्यंग्यचित्रकाराच्या चित्रातून पसरलेली दंतकथा आहे. लिनक्सच्या संगणकावर 'कॅल' ही आज्ञा देऊन सप्टेंबर १७५२ मागून पाहा: दोननंतर थेट चौदा. रशियाने तर १९१८ ची वाट पाहिली, म्हणून त्यांची ऑक्टोबर क्रांती बाकीच्या जगाच्या नोव्हेंबरात पडते. रशियन चर्च सणांसाठी अजूनही ज्युलियनच पाळतं, त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो.

गणित बरोबर असूनही लोक बाजू का बदलत नाहीत, हे आपल्याला बाहेरून समजून घ्यायची गरज नाही. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीसाठी जीव ओतला. आजही कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. अयनांश, म्हणजे ऋतूंना धरलेली आणि ताऱ्यांना धरलेली राशींची सुरुवात यांतलं अंतर, ते वेगळं धरल्यामुळे त्यांचा अधिक महिना कधी कधी वेगळा पडतो, आणि त्या वर्षी एकाच वाडीत एका घरचे गणपती महिनाभर आधी येतात. शेजारी आरतीला जातात, पण आपलं पंचांग सोडत नाहीत. कालगणना ही माणसाच्या ओळखीचा भाग असते. इंग्रजांनी ती १७० वर्षं सोडली नाही यात मला काही विशेष वेडेपणा दिसत नाही.

आता सतराव्या शतकातल्या आपल्या किनाऱ्यावर या. गोव्यात पोर्तुगीज, कॅथलिक, कागदोपत्री ग्रेगोरियन. वेंगुर्ल्याच्या वखारीत डच, प्रोटेस्टंट खरे, पण हॉलंड प्रांताने नवी पद्धत सुरुवातीलाच घेतली होती, म्हणून तेही ग्रेगोरियन. सुरतेत आणि राजापुरात इंग्रज, ते ज्युलियन. मुंबई तर आणखी मजेशीर अवस्थेतून गेली: पोर्तुगीजांच्या हातात असताना नवी पद्धत, १६६५ मध्ये इंग्रजांकडे आल्यावर जुनी, १७५२ नंतर पुन्हा नवी. आणि या सगळ्यांच्या मधोमध महाराजांच्या दफ्तरात शक, संवत्सर, तिथी, वार, शिवाय फारसी पत्रांतून हिजरी साल. एकच घटना गोव्याच्या पत्रात एका तारखेला आणि सुरतेच्या पत्रात दहा दिवस आधीच्या तारखेला सापडते. नवखा अभ्यासक दोन घटना समजून बसतो. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं हे वर आणखी. म्हणजे आपण जो फेब्रुवारी १६३० म्हणतो त्याला त्या वेळचा इंग्रज १६२९ लिहीत असे.

इतिहासकारांनी शिवचरित्राच्या तारखा लावताना इंग्रज कागदांशी मेळ राहावा म्हणून ज्युलियन तारखा धरल्या, आणि त्याच रूढ झाल्या. १९ फेब्रुवारी १६३० ज्युलियन आहे. ६ जून १६७४, राज्याभिषेकाचा दिवस, ज्युलियन. ३ एप्रिल १६८०, महाराजांचं निधन, हीसुद्धा ज्युलियन. आजच्या भिंतीवरच्या पद्धतीत लिहायच्या तर त्या होतात १ मार्च १६३०, १६ जून १६७४ आणि १३ एप्रिल १६८०. फेब्रुवारी १७०० च्या आधीच्या तारखांना दहा दिवस मिळवायचे, त्यानंतर १७५२ पर्यंतच्या इंग्रजी कागदांना अकरा.

शिवजयंती तारखेने करायची की तिथीने, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतात, आवाज चढतात. माझं म्हणणं एवढंच, की तारखेचा आग्रह धरणाऱ्यांनी ही तारीख जुन्या पद्धतीतली आहे हे माहीत करून घ्यावं, आणि तिथीवाल्यांनी ती केवळ 'इंग्रजांची' म्हणून झटकू नये. दोन्ही लेबलं त्याच एका शुक्रवारची आहेत.

पानिपताचीही हीच गंमत, आणि ती मला जास्त लागते. पानिपताची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तारीख पाहून आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत आली. पण १७५२ नंतरची ही तारीख ग्रेगोरियन आहे, आणि संक्रांत ग्रेगोरियन कॅलेंडरवर स्थिर नाही. ग्रेगोरियन वर्ष ऋतूंना बांधलेलं, संक्रांत ताऱ्यांच्या सापेक्ष सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अत्यंत सावकाश गिरकी घेतो, त्यामुळे ताऱ्यांना धरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं, आणि साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज ती १४ ला किंवा १५ ला येते. तिथून शंभर वर्षं आणखी मागे गेलं तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाई झाली तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत तेव्हा होऊन गेली होती. उपाशी सैन्याला तिळगूळ मिळाला असेल का हा विचार मनात येतो आणि हात थांबतो, पण दिवस तो नव्हता.

स्वतंत्र भारताने मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका घेतली. चैत्र, वैशाख ही नावं आपली, शक आपला, पण लीप वर्ष ठरवताना शकात ७८ मिळवायचे आणि येणारं साल ग्रेगोरियन नियमाने लीप आहे का ते पाहायचं. लिलियसचा नियम तिथेही आत जाऊन बसला आहे, नाव मात्र कुठलंच नाही.

भाचीने पेन्सिल घेतली. १९ अधिक १० म्हणजे २९, १६३० चा फेब्रुवारी २८ चा, म्हणजे १ मार्च. ॲपमध्ये १ मार्च १६३० टाकलं. शुक्रवार. तिचा चेहरा उजळला. लगेच निधनाची तारीख घेतली, ३ एप्रिलची १३ एप्रिल केली, शनिवार आला. शकावलीतही शनिवार. मग तिने राज्याभिषेक घेतला. १६ जून १६७४. ॲप म्हणालं शनिवार. शकावली काढली, तर तिथे ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार.

"मामा, परत चुकलं."

मी तिला ती ओळ पूर्ण वाचायला लावली. द्वादशी शुक्रवारी एकवीस घटका चौतीस पळं होती, म्हणजे दुपारनंतर त्रयोदशी लागली, म्हणून आपण सोहळा शुद्ध त्रयोदशीचा म्हणतो. आणि पुढे लिहिलंय, तीन घटका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले. एक घटका चोवीस मिनिटांची, तीन घटका म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी. ॲपचा दिवस मध्यरात्री बदलतो, तिथे शनिवार सुरू झालेला. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील त्या दिवशी रायगडावर होता, त्याच्याही दृष्टीने ६ जून उजाडायला लागलेला. रायगडावरच्या लिहिणाऱ्याचा वार मात्र सूर्योदयाला बदलत असे. सूर्य अजून उगवायचा होता. त्याचा शुक्रवार संपला नव्हता.